डाव्या बाजूच्या तक्रारी

७ जानेवारी, मंगळवार

गाडी दारात येऊन महिना झाला, आज वही घातली. एसटीत एकतीस वर्षं हीच सवय होती. डेपोत गाडी लावली की दोष लिहून द्यायचा. ब्रेक उशिरा लागतो, स्टिअरिंग ओढतं, वायपर अर्ध्यात थांबतो. लिहून दिलं की वर्कशॉपची जबाबदारी, नाही दिलं की आपली. ही गाडी तर माझीही नाही, माझ्या मुलीची, श्रेयाची. कंपनीनं तिला दोन वर्षांसाठी चेन्नईला पाठवलं, तिथं तिला गाडी लागत नाही, म्हणून इथं पळसदेवला आणून ठेवली. "अण्णा, उभी राहिली की बॅटरी बिघडते. तुम्ही चालवत राहा," म्हणाली. म्हणून चालवतो, आणि दोष दिसला की इथं लिहीन. ती आली की वही तिच्या हातात द्यायची.

विजेवरची गाडी. क्लच नाही, गिअर नाही. चालू झाली हे कळायला पडद्यावरची हिरवी अक्षरं बघावी लागतात. पाय उचलला की आपली आपण मंदावते. मी आयुष्यभर कानानं गाडी चालवली, इंजिनाचा सूर बदलला की चढ किती ते कळायचं. इथं कानाला कामच नाही. रस्त्यात झोपलेलं कुत्रंसुद्धा उठत नाही.

मंगळवार, गुरुवार, शनिवार बाजीरावला बारामतीला न्यायचं असतं. बाजीराव माझा कंडक्टर. इंदापूर डेपोत जमेल तेव्हा आम्ही ड्यूटी जोडीनंच लावून घ्यायचो. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा चार-चार तास मशिनवर पडून रक्त धुऊन घ्यावं लागतं. मुलगा संदेश चाकणला पाळीत, बायको ताईबाई गुडघ्यांनी घरात बसलेली. मी म्हटलं, गाडी आहे, मी आहे, चल.

आजचे दोष. डावा आरसा कारखान्यातूनच चुकीच्या कोनात बसवलाय. दोनदा लावून घेतला तरी त्या बाजूचं नीट दिसत नाही. डाव्या अंगाची इशाऱ्याची टिटी विनाकारण वाजते.

११ जानेवारी, शनिवार

चार्जिंगचं आता जमलं. वायरमननं ओसरीत जाड तारेचा वेगळा पॉइंट काढून दिला. संध्याकाळी लावली की सकाळी भरलेली. लाईट गेली तर पहाटे उठून टक्के बघावे लागतात. बारामतीला जाऊन-येऊन नव्वद किलोमीटर होतात, पस्तीस-चाळीस टक्के जातात. माझी बायको कौसल्या म्हणते, म्हशीला वैरण घालावी तसं तुमी तिला वायर घालता.

१८ जानेवारी, शनिवार

आज गाडीनं फार छळलं. भिगवण सोडल्यावर स्टिअरिंग हाताखाली थरथरायला लागलं, आणि पडद्यावर डावीकडची रेघ लाल. म्हणजे गाडी डावीकडं सरकतेय असं तिचं म्हणणं. मी बरोबर मधे होतो. उसाच्या ट्रॉल्या समोरून येत असताना मधोमध कुणी चालवत नाही, थोडं आपल्या अंगाला घ्यावंच लागतं. हे तिला कोण सांगणार. पुढं चहाच्या कपाचं चित्र दाखवून विश्रांती घ्या म्हणाली. घरून निघून अर्धा तास झाला होता.

बाजीराव आजारपणानं बोलका झालाय. ड्यूटीवर दिवसाला दहा शब्द बोलायचा, त्यातले आठ "पुढं सरका" नाहीतर "सुट्टे द्या". आता सगळा रस्ता बोलत असतो. "डावीकडं सायकल हाय बरं का." "त्या बाभळीखाली म्हातारी उभी हाय." "कडंला शेरडं हायेत, रामहरी." मी म्हटलं, अरे मला दिसतंय. तो म्हणाला, "तुला दिसतंय म्हणून तर सांगतोय. मला करमत न्हाय नुस्तं बसून."

मशिनवरून उतरलेला माणूस पिळून काढल्यासारखा होतो. हॉस्पिटलात बाकीचे पेशंट नातेवाइकाच्या खांद्यावर मान टाकून गाडीत बसतात आणि बसल्या बसल्या झोपतात. हा नाही झोपत. डोळे तांबारलेले, पण नजर रस्त्यावर. मी सीट मागं पाडून दिली तर त्यानं परत सरळ करून घेतली.

२३ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलबाहेर गाडीत बसून पेपर वाचत होतो. छपाई फार खराब झालीय. ओळी सुरू होतात त्या मधूनच, आधीचा शब्द शोधावा लागतो, विशेषतः पानाच्या खालच्या अंगाला. चष्म्याचा नंबर दिवाळीआधीच बदललाय, त्यामुळे दोष चष्म्याचा नाही.

घरी जेवताना कौसल्याला म्हटलं, हल्ली ताटात चटणी वाढायची सोडलीस का. ती ताटाकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. नंतर बोटानं ताटाची डावी कड दाखवली. चटणी होती. म्हटलं, मग सांगायचं नाही का.

३० जानेवारी, गुरुवार

फाटकाच्या डाव्या खांबाला गाडीचं दार घासलं. वीतभर ओरखडा. खांब पहिल्यापासून थोडा आत आहे, गवंड्याची चूक. श्रेयाला कसं सांगावं या विचारात होतो, तर तिचाच फोन आला. तिच्या मोबाईलमध्ये गाडीचं सगळं दिसतं, कुठं आहे, किती टक्के, किती वेळा जोरात ब्रेक लागला. म्हणाली, "अण्णा, या आठवड्यात नऊ वेळा लेनचा इशारा आला." मी म्हटलं, तेच तर म्हणतोय, सेन्सरचा दोष आहे. ती म्हणाली, "अण्णा, तुम्ही बीपी कधी तपासलंत?" बीपीचा आणि सेन्सरचा काय संबंध. ओरखड्याचं सांगितलं तर म्हणाली, "ओरखड्याचं काही नाही हो." आवाज बसल्यासारखा होता. तिथल्या ऑफिसात एसी फार असणार.

एकतीस वर्षांत माझ्या गाडीला साधा खरचटा नाही. विनाअपघात सेवेचा बिल्ला आहे माझ्याकडं. आणि या बिनआवाजाच्या डब्यानं मला फाटकाला घासायला लावलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कौसल्या आता चटणी उजवीकडं वाढते. रीत मोडली, पण बरं पडतं.

आज तीही बारामतीला आली. म्हणाली, बाजार करायचाय. मागच्या सीटवर बसली आणि जाताना-येताना माझ्या खांद्यावरून रस्ताच बघत राहिली. बाजारात फक्त कोथिंबीर घेतली. रात्री विचारत होती, दिवाळीनंतर डोकं दुखून दिवसभर पडून होता, तेव्हा डोळ्यांपुढं काय दिसलं होतं. म्हटलं, पित्त होतं, चमकल्यासारखं झालं, झोपलो, गेलं. तीन महिन्यांपूर्वीचं पित्त आज कशाला उकरायचं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

शांतपणे लिहितो, कारण उद्या श्रेयाशी बोलताना सगळं नीट सांगता आलं पाहिजे.

दुपारी चारच्या सुमाराला बारामतीहून परत येत होतो. वेग पंचेचाळीस. भिगवणच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, आहेत. रस्ता मोकळा होता. समोर काही नाही, मागं काही नाही. आणि गाडीनं स्वतःहून ब्रेक मारला. मी पाय लावला नव्हता. पट्टा छातीत रुतला, पिशवीतला डबा पुढं येऊन पडला. बाजीराव आज पहिल्यांदाच डुलकी घेत होता, त्याचं डोकं जवळजवळ समोर आदळलं.

पडद्यावर लाल अक्षरं आणि टिटी. मी म्हटलं, बघ, हिला वेड लागलंय. मोकळ्या रस्त्यावर. बाजीराव दार उघडून उतरला. तसल्या अंगानं गाडीच्या पुढं डावीकडं गेला, वाकून कुणाशी तरी बोलला, बराच वेळ. आला आणि पट्टा ओढून बसला. विचारलं तर म्हणाला, "कोपीवरली पोरगी व्हती. पाणी नेत व्हती. चल तू, सावकाश चल." कडेला असणार पोरगी. तिला उगाच भेव वाटलं असेल.

घरापर्यंत चाळीसच्या वर गेलो नाही. बाजीराव झोपला नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

श्रेयाला सांगितलं, गाडी आपोआप ब्रेक लावते ते बंद कसं करायचं. मोकळ्या रस्त्यावर असं झालं आणि मागून उसाचा ट्रॅक्टर असता तर. ती म्हणाली, "अण्णा, ते बंद करू नका. माझी शपथ आहे." शिकलेली पोरगी शपथा घालते. मग म्हणाली, आईला फोन द्या. मायलेकी ओसरीच्या टोकाला अर्धा तास बोलत होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हॉस्पिटलच्या आवारात, बाजीराव आत जायच्या आधी, पडद्यावर आपोआप ब्रेक बंद करायची जागा शोधत बसलो. सगळं इंग्रजीत. म्हटलं, बाजीराव, वाच जरा, ब्रेकचं कुठं आहे. तो म्हणाला, मला इंग्रजी येत न्हाय. तीस वर्षं यानं डेपोचे इंग्रजी फॉर्म भरले. मी तसं म्हटलं, तर बाहेर बघत म्हणाला, "ते बंद केलंस तर मी ह्या गाडीत बसणार न्हाय."

"मग कशात बसणार?"

"कशात बी बसंन. न्हाय बसणार."

मला राग आला. आपण याच्यासाठी पहाटे उठायचं आणि यानं अटी घालायच्या. परत येताना दोघंही गप्प होतो. म्हणजे मी गप्प होतो. तो "डावीकडं टेम्पो", "डावीकडं पोरं" चालूच होता, पण माझ्याकडं न बघता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज काय झालं ते लिहितो. दोनदा पेन खाली ठेवलं.

कुणालाही न सांगता एकटा बारामतीला सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथं राजनंदिनी नावाची एक बाई आहे, तक्रारी तीच घेते. तिशीची असेल, गळ्यात ओळखपत्र, बोलणं नीट. मी वही पुढं ठेवली. तिनं पानं चाळली. आरसा, टिटी, लेन, ब्रेक. म्हणाली, "काका, सगळ्या तक्रारी डाव्या बाजूच्याच आहेत." म्हटलं, म्हणूनच आलो, त्या बाजूचं वायरिंग तपासा.

तिनं तासभर गाडी यंत्राला जोडून ठेवली. सगळं ठीक निघालं. मग म्हणाली, ब्रेक आपोआप लागला त्या वेळचं पुढच्या कॅमेऱ्यात उतरलेलं असतं, बघू. तिच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर लावलं. कोप्या दिसल्या, रस्ता दिसला, मोकळा. गाडी थांबली. मी म्हटलं, बघा, आहे का काही. ती माझ्याकडं बघत राहिली. परत लावलं. मी परत तेच म्हटलं.

तिसऱ्यांदा तिनं चित्र थांबवलं आणि पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. मी त्या बोटाकडं मान वळवली. बोटाखाली एक पोरगी होती. सहा-सात वर्षांची, डोक्यावर पाण्याची कॅन, एक हात वर धरलेला. रस्त्याच्या कडेला नव्हती. रस्त्यात होती. गाडीच्या नाकापुढं दोन हातांवर.

राजनंदिनी हळूच म्हणाली, "काका, बोट ठेवायच्या आधी ती दिसली नव्हती का?"

मी नाही म्हणालो. मग मान सरळ केली, तर पोरगी गेली. पडदा होता, रस्ता होता, कोप्या होत्या, पोरगी नव्हती. मान वळवली, आली. असं मी चार-पाच वेळा केलं. त्या बाईनं मला करू दिलं. नंतर पाणी आणून दिलं आणि माझ्या उजव्या हाताला ठेवलं.

गाडी तिथंच सोडून एसटीनं घरी आलो. खिडकीत बसलो होतो. कंडक्टरनं ओळखलं, उठून नमस्कार केला. मला त्याच्याकडं बघवेना.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाजीरावला शेजारच्या जीपनं नेलं. मी मागं बसलो. हॉस्पिटलात त्याला मशिनला लावल्यावर नातेवाइकाला थोडा वेळ आत बसू देतात. मी स्टूल घेऊन बसलो आणि सांगितलं, काल व्हिडिओ बघितला.

तो नळीकडं बघत होता. रक्त एका नळीनं जातं, दुसरीनं येतं.

"कधीपासनं ठावं हाय तुला?" मी विचारलं.

"पयल्या आठवड्यापासनं. भिगवणच्या चौकात सायकलवाल्याला चाटून गेलास. तू थांबला न्हाईस, मला वाटलं मुद्दाम. मग बघत गेलो. डावीकडं खाली आसंल ते तुला दिसत न्हाय."

"मग बोलला का न्हाईस?"

"बोलतच व्हतो की. दोन महिने दुसरं काय करत व्हतो."

तो जागा का राहायचा ते तेव्हा कळलं. मशिनवरून पिळून उतरलेला माणूस पंचेचाळीस किलोमीटर डोळे ताणून बसायचा, माझा डावा डोळा होऊन.

"त्या दिवशी झोपलो," तो म्हणाला. "एकदाच झोपलो, रामहरी. आन् ती पोरगी आली."

मी म्हटलं, अरे, सरळ सांगायचं होतंस, गाडी बंद केली असती. यावर त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

"तेच. तू बंद केली आसतीस. मग मला कोण आणणार हितं? ताईबाईला जिना उतरवत न्हाय. पोराची नोकरी पक्की न्हाय. माझी सोय जाईल म्हणून गप बसलो. तुझ्यासाठी गप बसलो आसं मी म्हणणार न्हाय. ती पोरगी माझ्या सोयीखाली आली आसती."

सिस्टर आली, वेळ झाली म्हणाली. मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण कुठल्या हाताला सुया आहेत ते बघण्यातच वेळ गेला. शेवटी पायावर ठेवला.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

डोळ्यांचे डॉक्टर. एका घुमटासारख्या यंत्रात हनुवटी टेकवायची, ठिपका चमकला की बटण दाबायचं. मला वाटलं छान जमलं. कागद निघाला तर दोन्ही डोळ्यांच्या चित्रात डावीकडचा खालचा चौथा भाग काळा. डॉक्टर म्हणाले, "डोळे उत्तम आहेत. डोळ्यांनी पाहिलेलं मेंदूत पोचतं, त्यातली एक जागा बंद पडलीय." डोक्याचा एमआरआय करायला सांगितला.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रिपोर्ट आला. मेंदूच्या मागच्या अंगाला रक्त पोचलं नाही, छोटा झटका, तीन-चार महिन्यांपूर्वीचा. म्हणजे ते पित्त. बीपी एकशे ऐंशी निघालं. गोळ्या आयुष्यभर. गेलेलं बहुतेक परत येणार नाही, मान वळवून बघायची सवय करा म्हणाले.

विचारलं, मला कळलं कसं नाही. डॉक्टर म्हणाले, "अंधार दिसला असता तर कळलं असतं. तिथं काहीच दिसत नाही. आणि काहीच नाही हे माणसाला जाणवत नाही."

गाडी? त्यांनी मान हलवली. हे मी न विचारताही चाललं असतं.

कौसल्याला ठाऊक होतं, चटणीपासून. श्रेयाला ठाऊक होतं, फोनमधल्या इशाऱ्यांवरून. बाजीरावला तर सगळ्यांत आधी. ठाऊक नव्हतं ते मला आणि या वहीला. राग कुणावर काढावा म्हणून बसलो, तर राग येईना. सगळ्यांनी मला सांगायचा प्रयत्न केला होता. मीच प्रत्येकाचं उत्तर गाडीच्या नावावर लिहीत गेलो.

२ मार्च, रविवार

सर्व्हिस सेंटरचा माणूस गाडी सोडून गेला. दिवसभर पुसली. चालवली नाही.

६ मार्च, गुरुवार

जीपवाला आला नाही. बाजीराव एसटीनं गेला, मी बरोबर. येताना भिगवणला गाडी बदलायला उभे होतो तर तो खाली बसला, मग आडवा झाला. लोकांनी सावलीत नेलं. पाणी देता येत नाही, त्याला पाण्याचं माप आहे. बर्फाचा खडा तोंडात धरला तेव्हा डोळे उघडले. आमच्या दारात चार्ज केलेली गाडी उभी आणि आम्ही स्टँडच्या फरशीवर.

घरी सांगितलं. कौसल्या भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मला शिकवा."

"काय?"

"गाडी."

तिचं वय सत्तावन्न. अठ्ठावीस वर्षं अंगणवाडीत पोरं सांभाळली, गावात स्कूटी चालवते. म्हटलं, हायवे आहे, ट्रॅक्टर आहेत. ती म्हणाली, "क्लच न्हाय, गियर न्हाय. तुमीच म्हणत व्हता, ह्यात ड्रायव्हरला कामच न्हाय."

मी तसं तक्रार म्हणून म्हटलं होतं.

१० मार्च, सोमवार

श्रेया परवा आली. महिना-दीड महिना घरून काम करायची परवानगी काढलीय. बाजीरावला तीच नेते. आज मायलेकी आरटीओत जाऊन शिकाऊ परवाना घेऊन आल्या. परीक्षेत कौसल्याची सगळी उत्तरं बरोबर. मी श्रेयाच्या हातात ही वही दिली. तिनं रात्री वाचली. सकाळी वही माझ्या उशाशी होती. तिनं चहा देताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी लहान असल्यासारखा.

१६ मार्च, रविवार

धरणाचं पाणी उतरल्यानं गावामागं मैलभर सपाट जमीन उघडी पडलीय. तिथं शिकवणी. श्रेया कौसल्याच्या शेजारी, मी मागं. मला वाटलं होतं मी शिकवीन. पण माझं शिकवणं या गाडीच्या कामाचं नाही. मी म्हणतो, आवाज ऐक. ती म्हणते, कुठला आवाज.

माझ्यात आणि तिच्यात फरक असा की टिटी वाजली की ती थांबते. प्रत्येक वेळी. मी म्हटलं, एवढं घाबरायचं नसतं. ती म्हणाली, "अंगणवाडीत पोरगं रडलं की मी आधी उठून बघायची. उगंच रडतंय का ते मग."

३० मार्च, रविवार

पाडव्याला गाडीला हार घातला, आणि कौसल्यानं पहिल्यांदा भिगवणपर्यंत नेली. हायवेच्या वळणावर मधेच थांबली, मागचे हॉर्न वाजवत होते. श्रेयानं सांगायच्या आधीच तिनं स्वतःला सांगितलं, "घाई न्हाय," आणि वळवली. तळव्यांना घाम, स्टिअरिंग ओलं झालेलं.

पुढं कोप्यांपाशी मी थांबवायला सांगितलं. त्या पोरीला बघायचं होतं. काय बोलणार होतो ते ठरलं नव्हतं, पण बघायचं होतं. कोप्या नव्हत्या. हंगाम संपला, टोळी गेली. चुलींची राख आणि पाचट उरलेलं. कुठलं गाव, कुणाची पोरगी, काही माहीत नाही. माफी मागायला माणूसच नव्हतं. थोडा वेळ उभा राहिलो, मग मागच्या सीटवर येऊन बसलो.

१५ एप्रिल, मंगळवार

कौसल्या पास झाली. आरटीओच्या साहेबांनी रिव्हर्स घ्यायला सांगितलं तेव्हा तिनं कॅमेऱ्यातही बघितलं आणि मान वळवून मागंही बघितलं. साहेब म्हणाले, पडद्यावर दिसतंय की. ती म्हणाली, "आमच्या घरात दोन्ही बघत्यात."

१९ एप्रिल, शनिवार

श्रेया गुरुवारी परत गेली. आज कौसल्यानं बाजीरावला एकटीनं नेलं. मी येतो म्हटलं तर म्हणाली, "आज नगं. तुमी मागं श्वास धरून बसता, त्यानं माझा बी धरतो."

घरी बसून श्रेयाच्या फोनवरून माझ्या फोनमध्ये आलेला तो नकाशा बघत होतो. निळा ठिपका पळसदेवहून निघाला. भिगवण. मग बारामतीचा रस्ता. वेग बेचाळीस, चव्वेचाळीस. एका जागी सात मिनिटं थांबला. फोन लावला नाही. एकतीस वर्षं मी ठिपका होतो आणि ही घरी बसली होती, आणि तेव्हा तर नकाशाही नव्हता. हा विचार आयुष्यात पहिल्यांदा आज आला.

संध्याकाळी आल्यावर विचारलं, सात मिनिटं काय झालं. म्हणाली, "बाजीरावभाऊजींना मळमळलं. कडंला घेतली. डावा इंडिकेटर दिला व्हता, ते बी इचारा."

१० मे, शनिवार

आज मीही गेलो होतो. बाजीरावच्या अंगावर थोडं मांस चढलंय, डॉक्टर खूश आहेत. त्याला दारात सोडलं, ताईबाईनं आम्हाला ताक पाजलं. मग घराकडं वळायच्या ऐवजी कौसल्यानं गाडी धरणाच्या अंगाला घेतली. मी विचारलं नाही.

पाणी फार मागं सरलंय. एरवी पाण्याखाली असणारं पळसनाथाचं देऊळ जवळजवळ सगळं उघडं पडलंय, गाळाची रेघ शिखरापर्यंत. दोन कोळी होडी ओढत होते, त्यापलीकडं पाण्यावर ऊन. आम्ही उतरून चालत गेलो. मी बरंच लांब बघत उभा राहिलो. मनात आलं ते बोलत गेलो, की मला चालवायची आठवण येते, की पहाटे अजून चारला जाग येते आणि हात चादरीवर स्टिअरिंग शोधतात. की मी बाजीरावला अजून म्हटलेलं नाही, तुझी चूक नव्हती, कारण थोडी होती, आणि माझी जास्त. असलं मी कधी कुणाजवळ बोललेलो नाही.

उत्तर आलं नाही. वाटलं, ती गाडीकडं परत गेली, आपण वाऱ्याशीच बोललो. लाज वाटली. मोठ्यानं हाक मारली, "कौसल्या."

"वरडता कशाला," अगदी जवळून आवाज आला. "हितंच हाय की मी. सगळं ऐकलं. डावीकडं बघा."

मी मान वळवली, खालपर्यंत. ती माझ्या पायाशी दगडावर बसून चपलेतला खडा काढत होती.